श्वासाच्या खुणा

"उद्या सकाळी ते गाणं त्या गायकाच्या नावानं बाहेर पडेल," गीतकाराची मुलगी म्हणाली. "बाबांचं शेवटचं गाणं आहे ते, वहिनी. पण सांगणार कोण?"

वहिनी खाजगी गुप्तहेर. सोबतच्या दिरामुळे साऱ्या शहराच्या वहिनी झालेल्या.

गीतकार खुर्चीत बसून होता. अर्धांगवायूने शब्द नेले होते, डोळे मागे ठेवले होते. भिंतीवरच्या तबकड्यांवर दर वेळी नवा गळा, तळाशी मात्र त्याचेच नाव.

वहिनींनी जुने मसुदे चाळले. शब्दांमध्ये पेन्सिलीच्या तिरप्या रेघा होत्या. एका गाण्यात ओळीअखेर, दुसऱ्यात दर तीन शब्दांनी.

"नव्या गाण्याचा कागद नाहीसा झाला त्या दिवशी कोण आलं होतं?"

"दोघंच. गायक आणि गायिका."

आपल्या घरी गायकाने स्वहस्ताक्षरातला कागद पुढे केला. त्यावरही तिरप्या रेघा.

"मीच लिहिलं, माझ्याच गळ्यासाठी. माझा दम बघायचाय? अख्खा अंतरा एका श्वासात!" त्याने जुना एक अंतरा तसा गाऊनही दाखवला. मग नवे गाणे ऐकवले. दर तीन शब्दांनी तो थांबत होता.

"काय व्याकूळ गातो!" भाऊजी हळहळले.

"रेघा कसल्या?" वहिनींनी विचारले.

"लयीच्या."

गायिकेने दार उघडले आणि चौकट धरली. "आजारानंतर... एकच फुप्फुस उरलं. तरी म्हणाले... तुझ्यासाठी लिहितोय."

"गाणं पाहिलंत?"

"पुरं झाल्याशिवाय... दाखवत नाहीत ते."

"वहिनी, चोर हीच," भाऊजी जिन्यात कुजबुजले.

"भाऊजी, तुम्ही कान घरी विसरलात."

संध्याकाळी सारे गीतकाराच्या खोलीत जमले. वहिनींनी गायिकेला नव्या गाण्याची रेघा नसलेली प्रत दिली. "सुचेल त्या चालीत गा."

ती गाऊ लागली. गायकाच्या कागदावर वहिनींचे बोट सरकत होते. जिथे रेघ, तिथे तिचा श्वास. एकदाही चूक नाही.

"गीतकार आधी गळा मोजतात, मग ओळ लिहितात," वहिनी गायकाला म्हणाल्या. "म्हणून प्रत्येक मसुद्यात रेघा वेगळ्या. अख्खा अंतरा एका दमात गाणाऱ्याला दर तीन शब्दांनी कशाला थांबावं लागेल? रेघा लयीच्या समजून तुम्ही त्याही उतरवल्यात. शब्दांबरोबर हिचा दम चोरलात."

"नाव बदलायला सांगतो," गायक पुटपुटला.

मुलीने वडिलांचे गुडघे घट्ट धरले.

गायिकेने राहिलेले गाणे पुढे चालू केले. शेवटच्या ओळीआधी तिला धाप लागली. खुर्चीतला गीतकाराचा हात वर उठला: थांब. तिने श्वास भरून घेतला. हात खाली आला, आणि ती गायली.