पहिल्या उताराला मागं कोण?

फटफटी सरळ पडद्यातून आत आली. दारातून नाही, अंगणाला वळसा घालून नाही — पडद्यातून! मी जमिनीवर मांडी ठोकून एका लॉरीच्या ब्रेकच्या पट्ट्याला रिबिटा मारत होते, आणि माझ्या गुडघ्यापासून वीतभरावर एक चाक येऊन थांबलं. थांबलं कसलं... पाण्याच्या पिंपाला धडकलं म्हणून थांबलं. पिंप आडवं झालं, सगळं पाणी माझ्या अंगावर, आणि डोक्यावर आमच्याच पडद्याचं गोणपाट घेतलेला एक माणूस फटफटीवर बसून म्हणतोय, "मिस्त्री, माफ करा. ब्रेकच लागंना. म्हटलं घाटात जाण्यापेक्षा तुमच्या घरात गेलेलं बरं."

मग त्यानं डोक्यावरचं गोणपाट काढलं.

समोर मी, एकवीस वर्षांची पोरगी, अंगात बापाचा जुना सदरा, कोपरापर्यंत काळं वंगण, हातात हातोडी. तो बघतच राहिला. तोंड उघडं ते उघडंच. एरवी अशा माणसाची मी अशी हजेरी घेतली असती की पुन्हा फटफटीवर बसला नसता. पण त्या दिवशी माझी वाचाच बसली. कारण फाटला तो नुसता पडदा नव्हता, त्यामागं आमची दोन वर्षं झाकलेली होती.

गोष्ट एकसष्ट सालची. तुळजापुरातून सोलापूरकडं घाट उतरायला लागतो, त्याच्या तोंडाशी आमचं गॅरेज. धोंडप्पा मिस्त्री म्हणजे माझे आप्पा. निजामाच्या काळापासून घाट उतरणारी प्रत्येक लॉरी आधी त्यांच्यापुढं उभी राहायची. आणि मग आप्पांच्या डोळ्यांतला उजेड जायला लागला. सोलापूरच्या डॉक्टरनंही हात टेकले. माणूस समोर आला तर सावली दिसायची, रिबीट दिसायची नाही. आई जाऊन सहा वर्षं झालेली, मी लहानपणापासून त्यांच्या पान्यांत वाढलेली. आप्पा बाहेर खाटेवर बसून गिऱ्हाइकाशी बोलायचे, गाडीचा आवाज ऐकून दुखणं सांगायचे, आणि पडद्याआड ते दुखणं मी काढायची. लॉरीवाल्यांना कळलं असतं की आपला ब्रेक एक पोरगी बांधते, तर दारात गाडी उभी राहिली नसती. आप्पांचं नाव गेलं असतं, आणि नावाशिवाय त्यांच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं.

त्यात आप्पांचा तो नियम! ज्यानं ब्रेक बांधला, त्यानं पहिल्या उताराला त्या गाडीत बसायचं. मालकाबरोबर घाट उतरायचा, आपला जीव तराजूत टाकायचा. हा नियम सगळ्या तुळजापूरला पाठ होता. समोरच्या कडूबाईच्या हॉटेलात चहा पिणारी माणसं कप घेऊन बघायला उभी राहायची. दोन वर्षं ब्रेक मी बांधत होते, आणि बसत आप्पा होते.

धडाम आवाज ऐकून आप्पा भिंत चाचपत आत आले. कोण, कुठला, विचारलं. हा बसवराज, उमरग्याचा, नवा लागलेला गुरांचा डॉक्टर. दौरा कळंबपासून वाशीपर्यंत, आणि वाहन म्हणजे चुलते वीरप्पांनी फौजेच्या लिलावात घेतलेली ही फटफटी. तिचा दिवा देवघरातल्या निरांजनाएवढा आणि ब्रेक नावालाच. मागल्या महिन्यात वाशीकडं एक गाय अडली होती. अंधारात रस्ता दिसेना म्हणून हा वाटेत बसून राहिला, पोचेपर्यंत गाय गेली. ते सांगताना त्याचा आवाज खाली गेला. म्हणून दिवा हवा होता, ब्रेक हवा होता.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आत काय काय पाहिलंस, बाळा?"

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "काहीच न्हाय. माझ्या डोक्यावर पोतं होतं."

अगं बाई! मला वाटलं होतं हा बाहेर जाऊन गावभर करणार. आणि हा... खरं सांगते, त्या क्षणी मला तो आवडला. मग लगेच स्वतःचाच राग आला, कारण पाणी अजून माझ्या अंगावरून निथळत होतं आणि पिंपाला पोचा पडला होता.

पडदा मी त्याच संध्याकाळी दाभणानं शिवला. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा, उलट्या खोक्यावर पडद्याकडं तोंड करून बसायचा आणि गोणपाटाशी बोलायचा. त्याला बल्ब बदलून हवा होता. मी म्हटलं, दोष बल्बचा नाही, जुन्या वायरी कुजल्यात, निम्मा जोर वाटेतच मरतो. सगळ्या वायरी काढून जाड घातल्या, भंगारातल्या एका फौजी जीपचा मोठा दिवा पुढं बसवला. ब्रेकच्या पट्ट्या नव्या, तार नवी, आणि पुढच्या ब्रेकचा दांडा दोन बोटं लांब केला म्हणजे थोड्या हाताला जास्त जोर. मागं त्याच्या फटफटीला दिवाच नव्हता. मी लाल दिवा लावला, ब्रेकवर पाय पडला की पेटणारा. त्यानं पडद्याच्या फटीतून अर्ध्या इंचाचा पाना आत द्यायचा आणि मी तो घ्यायचा. बोटाला बोट लागायचं... लागतच नव्हतं असं कोण म्हणेल?

एकदा मी विचारलं, "भीती नाही वाटत? पोरीच्या हातात जीव दिलाय."

"म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो मी," तो म्हणाला. "मला कसली भीती?"

मी इतक्या जोरात हसले की बाहेर आप्पांना मोठ्यानं खोकावं लागलं.

पाच दिवसांत काम झालं. पण उतारावर न्यायच्या आदल्या दिवशी तो तोंड पाडून आला, दिवा लागत नाही. दिव्यामागची वायर सुटलेली. मी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा बांधली, उतार एक दिवस पुढं गेला. काही बोलले नाही.

मग आला मंगळवार. देवीचा वार, रस्त्यावर माणसंच माणसं. पाऊस नुसता भुरभुरत होता, अंगाला लागेल न लागेल असा. बसवराज फटफटी सुरू करून बसला. कडूबाई किटली घेऊन दारात आलेली, आणि बब्रुवान आपल्या लॉरीच्या फळीवर एक पाय ठेवून उभा. हा बब्रुवान म्हणजे घाटातला दांडगा ड्रायव्हर, तो हसला की सगळा अड्डा हसायचा. मी शिवलेल्या पडद्याच्या फटीतून बघत होते.

आप्पांनी मागच्या सीटवर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच. मग दोन पावलं मागं सरले.

"मी बसणार न्हाय," ते म्हणाले.

बब्रुवान मोठ्यानं म्हणाला, "का हो धोंडप्पा? ब्रेकवर भरवसा न्हाय व्हय?"

माणसं हसली. तीस वर्षांत आप्पांवर असं कुणी हसलं नव्हतं.

"ब्रेकवर लई भरवसा हाय," आप्पा म्हणाले. "पण तो म्या बांधला न्हाय." आणि ते पडद्याकडं वळले. दिसत नव्हतं त्यांना, तरी बरोबर माझ्याकडं वळले. "चंद्रप्रभा, ये बाहेर."

आप्पांना वेड लागलं, मला वाटलं. दोन वर्षं जे जिवापाड झाकलं ते भर रस्त्यात, देवीच्या वारी... मी हललेच नाही.

"ये पोरी," आप्पा म्हणाले. "दोन वर्षं तुझ्या हातावर मी खोटं बसलो. न बघणाऱ्यांपुढं चालून गेलं. ह्या पोरानं बघितलंय, आणि आठ दिवस तोंड मिटून बसलाय. त्याच्यापुढं मला खोटं बसवंना."

मी पडदा सारला. तसाच सदरा, तेच वंगण. कडूबाईच्या हातातली किटली वाकडीच राहिली आणि चहा कपाबाहेर सांडत होता, तिला पत्ताच नाही. बब्रुवानचा पाय फळीवरून खाली आला.

"म्हंजे... माझ्या लॉरीचा ब्रेक..."

"दोनदा," मी म्हटलं. आवाज माझाच होता की नाही, कोण जाणे.

मी गाडीपाशी गेले. बसवराजचा चेहरा पांढराफटक. आप्पा असं करणार हे त्यालाही माहीत नव्हतं, हे बघून मला जरा धीर आला. परक्या माणसामागं, सगळ्या गावादेखत, एका अंगाला दोन्ही पाय सोडून मी बसले. सीटच्या स्प्रिंगा टोचल्या. फटफटी निघाली, आणि मागं गाव अजून तसंच उभं.

अर्ध्या घाटापर्यंत माझ्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, आप्पांची रिकामी खाट आणि रिकामं अंगण. मग दुसरं वळण आलं, आणि वळणावर यात्रेकरूंची बैलगाडी आडवी. एक बैल बसलेला, गाडीत बाया-पोरं, आणि आमच्या एका हाताला दरी. ओल्या रस्त्यावर बसवराजनं पुढचा-मागचा ब्रेक एकदम दाबला. मी डोळे मिटले आणि त्याचा खांदा धरला. रिबीट न् रिबीट मला आठवली, कुठली कशी ठोकली ते.

गाडी थांबली. डोळे उघडले तर चाक आणि बैलगाडी यांच्यात वीतभर जागा. गाडीतली एक म्हातारी आमच्याकडं बघून देवीला हात जोडत होती.

माझा हात त्याच्या खांद्यावरच होता. काढायला हवा होता... नाही काढला.

"एक सांगायचंय," तो पुढं बघतच म्हणाला. "रागवाल तुम्ही. ती दिव्याची वायर... आपोआप सुटली न्हवती. दोन्ही वेळा मीच सोडली. काम संपलं असतं तर यायला कारण उरलं नसतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

तो गर्रकन मागं वळला.

"वायरीवर मी दोरा गुंडाळते आणि शेवटी वेणीच्या टोकाला मारतात तशी गाठ मारते. ती हिसक्यानं सुटत नाही. हातानंच सोडावी लागते, आणि सोडायला पाव तास लागतो."

"मग बोललात का न्हाय?"

"दुसऱ्यांदा बांधताना मी ती सैल मारली होती. तुम्हाला तेवढा त्रास नको म्हणून."

काहीतरी बोलायला गेला, नुसता 'आँ' आला. मला हसू येत होतं आणि रडूही. मला तो आवडत होता, पडद्यातून आत आला त्या दिवसापासून आवडत होता, आणि तो मला अशा दिवशी सापडला होता की ज्या दिवशी माझ्या बापाचं सगळं गेलं होतं. हे मी त्याला तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. त्यानं ऐकलं, गाडी वळवली आणि म्हणाला, "चला. गेलं का राहिलं, दोघं मिळून बघू."

घाट चढताना धुकं उतरलं होतं. त्यानं दिवा लावला. जीपचा तो दिवा अख्खा रस्ता उजळत वर गेला.

अंगणात आलो तर माझा पडदा जागेवर नव्हता. आप्पा खाटेवर बसले होते आणि गोणपाटाची घडी त्यांच्या मांडीवर. अंगणात मधोमध बब्रुवानची लॉरी उभी, आणि तो चाकापाशी उकिडवा बसलेला. माणसं जागची हलली नव्हती. तो उठला, माझ्याकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. आता हा काय बोलतो म्हणून मी आप्पांच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"दोन वर्षं तुझ्या ब्रेकवर घाट उतरतोय," तो गुरगुरला, "आन मी अजून जिता हाय. पुढचं डावं चाक जरा घासतंय, बघ. पण पहिल्या उताराला तू बसायचं. म्हातारा न्हाय चालायचा."

आप्पांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. जन्मात मी त्यांना असं रडताना पहिल्यांदा बघितलं.

मी चाकाकडं वळले, तेवढ्यात मागून बसवराजचा आवाज आला. तो आप्पांपुढं उभा होता, टोपी हातात घेऊन.

"आप्पा, तुमचा नियम फकस्त पहिल्या उतारापुरताच हाय का? त्यानंतर... मागं कुणी बसायचं?"

कडूबाईची किटली आता खरंच हातातून सुटली. आप्पांनी डोळे पुसले.

"माझा नियम पहिल्याचाच," ते म्हणाले. "पुढच्या उतारांचं तिला इचार. ब्रेक तिचा हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या एका हातात पाना, दुसऱ्यात चिंधी. कानापर्यंत लाल झाले असेन, पण तोंडावर इतकं वंगण होतं की कुणाला दिसलं नसावं.

"बसेन," मी म्हटलं. "पण आधी मागची सीट बदलावी लागेल. स्प्रिंगा टोचतात."