इंजिनावर तापलेली पेटी

नवजात बाळांच्या वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या उंच तरुणाला प्रयोगशाळेतल्या बिरुंगीनं कुणाचा तरी बाप समजून दटावलं, आधी हात धुवून या. त्यानं मुकाट्यानं कोपरापर्यंत हात धुतले, आणि मग खांद्यावरची पेटी सावरत सांगितलं, की आपण लुबेगा, कंपालाहून जंतू तपासणीचे संच विकायला आलोय. बाळबीळ काही नाही.

"लग्नही नाही," त्यानं हळूच जोडलं.

"ते मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. पण कानाच्या पाळ्या तापल्याच.

फोर्ट पोर्टलच्या त्या इस्पितळात महिनाभरात तीन बाळांना लागण झाली होती, तीही इथंच, वॉर्डात असताना. बिरुंगीच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला दोन दिवस जात. लुबेगाच्या संचातली पट्टी तेच तासाभरात सांगणार होती. शुक्रवारी खरेदी समिती बसणार होती. संचांची ही मागणी मिळाली नाही तर नोकरी जाईल, हे त्यानं हसतहसतच सांगून टाकलं. तोवर प्रत्येक नमुना दोन्ही रीतींनी तपासायचं ठरलं.

पट्टीचा तास भरेपर्यंत दोघं बाहेर ओट्यावर बसत. तो भाजलेलं गोड केळं मोडून मोठा तुकडा तिच्यापुढे करी. डोंगरावरून धुकं उतरे... आणि तिला वाटे, हा तास हल्ली फार लवकर भरतो.

गुरुवारी तिच्या जंतू वाढवायच्या बशीत जंतू उगवले. नमुना बाळांना आंघोळ घालतात त्या नळाचा. पट्टीनं त्याला मंगळवारीच निर्दोष ठरवलं होतं. नशीब, दोन्ही निकाल येईपर्यंत तिनं नळ उघडू दिला नव्हता.

तिनं बशी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं पेटी उपसली. तळाशी, उष्णता लागली की काळा पडणारा ठिपका – काळाकुट्ट. म्हणजे पट्ट्या तापून निकामी. येताना बसच्या कंडक्टरनं पेटी इंजिनाच्या झाकणावर ठेवली होती आणि हा सारी वाट झोपला होता. आल्यावर ठिपका बघायचाही राहिला.

कंपालाहून त्याच्या साहेबांचा फोन आला. पोरीनं नमुना नीट घेतला नाही म्हणून सांग, हे शब्द तिलाही स्पष्ट ऐकू आले. लुबेगानं फोन खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं नाही. तिला त्या रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी तो समितीपुढे उभा राहिला. "बाईंचा नमुना बरोबर होता. पेटी मी तापू दिली. माझ्या पट्टीवर विसंबून तो नळ उघडला असता तर..." त्यानं पेटीतला काळा ठिपका समितीपुढे धरला.

मागणी दुसऱ्या कंपनीला गेली. दुपारी तो फाटकाकडे निघाला, तेव्हा बिरुंगी मागून आली.

"आता इकडे यायला मला काही निमित्तच उरलं नाही," तो म्हणाला.

तूरोत, म्हणजे फोर्ट पोर्टलच्या या मुलखात, घरच्या माणसाला एम्पाको असतं, मायेनं हाक मारायचं वेगळं नाव. बाहेरच्याला ते कुणीतरी द्यावं लागतं.

"अमूती," ती म्हणाली. "आजपासून तुमचं एम्पाको."

त्यानं खांद्यावरची पेटी खाली ठेवली. "पुन्हा... एकदा म्हणाल?"

"पुन्हा ऐकायचं तर रविवारी घरी या," ती म्हणाली. "बाबांसमोर म्हणेन."