पाण्याखालचा तह

तह होऊन पावसाळा उलटला होता, पण समुद्राला ते अजून कळलं नव्हतं. दोन्ही देशांचे सैनिक घरी परतले, पण देवगडच्या खाडीत होड्या नांगरूनच पडल्या होत्या. इंजिन लावून बाहेर गेलेली होडी परत येत नव्हती. खाली माणसांवाचून चालणाऱ्या पाणबुड्या अजून लढत होत्या, आणि इंजिनाचा आवाज आला की शत्रू समजून त्यावर तुटून पडत. समुद्राच्या थरांतल्या तापमानाच्या फरकावर त्या चालत. त्यांना इंधन लागत नव्हतं.

त्यांना थांबवायला समिधा पेडणेकर आली होती. यशवंत कुबलांच्या शिडाच्या होडीतून ती समुद्रात नांगरलेल्या तराफ्याकडे निघाली होती. त्या तराफ्याखाली पाण्यात आवाज सोडणारा भला मोठा कर्णा टांगला होता. कुबलांचा धाकटा भाऊ ट्रॉलर घेऊन गेला होता, तो आला नव्हता.

"बाये, रेडिओवरसून सांगूक येणा नाय काय त्यांका?"

"रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या की विरतात, काका. पाण्यात लांब जातो तो आवाजच."

"मगे लढाई संपली म्हणून आवाजात सांगा."

"कधीपासून सांगतोय. त्यांचा विश्वास बसत नाही."

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी समिधाने आणि तिच्या मैत्रिणींनी असंच युद्ध कॉलेजच्या पोहण्याच्या तलावात खेळ म्हणून मांडलं होतं. हातभर लांबीच्या पाणबुड्या, दोन फौजा. बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. हरत-जिंकत त्यांनी आपली भाषा आपणच घडवली. मुली तिला नादबोली म्हणत. खेळ थांबवायची एक ठरलेली शीळ होती. एकदा एका फौजेने ती शीळ हुबेहूब वाजवली, समोरची फौज निमूट वर आली आणि मार खाऊन हरली. पुन्हा त्या शिळेला कुणी भुललं नाही. मुलींना पाण्यात उतरून पाणबुड्या हाताने धराव्या लागत. प्रकल्प तपासणाऱ्या परीक्षकांना ही हुशारी फार आवडली. पुढे शिकण्याची तीच रीत दोन्ही आरमारांनी उचलली.

"शत्रूला खोटं बोलायचं असेल, तर तो 'लढाई संपली' हेच सांगणार ना?" समिधा म्हणाली.

कुबलांनी सुकाणू वळवलं. "बरोबर हा त्यांचा. मी पण विश्वास ठेवलो नसतो."

म्हणून आज नवा उपाय होता. दोन्ही देशांच्या तराफ्यांवरून एकाच क्षणी, आपापल्या गुप्त खुणांसह, एकच हुकूम जाणार होता. शत्रूलाही तोच हुकूम मिळतोय हे ऐकल्यावर तरी पटेल, अशी आशा होती.

तराफ्याला होडी लागली आणि ठरल्या क्षणी हुकूम सुटला. समिधाने जलश्रवणी, म्हणजे पाण्यात सोडलेला यांत्रिक कान, ऐकायला घेतली. स्फोट थांबले. बराच वेळ काहीच नाही. कुबलांनी हात जोडले.

मग नादबोली सुरू झाली. दोन्ही फौजांची बोली एकमेकींत मिसळलेली, पूर्वी कधी न ऐकलेली.

"थांबल्या?"

"एकमेकींना मारायच्या थांबल्या." समिधाने तराफ्याला बांधलेला दोर सोडला. "काका, होडी किनाऱ्याकडे घ्या."

"कित्याक?"

"दोन्ही वैरी एकच गोष्ट बोलतील, हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांना वाटतंय, तिसराच कुणीतरी दोघांची नक्कल करतोय. त्याच्याविरुद्ध त्या एक झाल्या आहेत."

"तो तिसरो कोण?"

समिधाने मागे तराफ्याकडे पाहिलं. होडी खाडीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच तराफा पाण्याच्या खांबासकट उडाला. संध्याकाळी पलीकडच्या देशातूनही तीच बातमी आली.

दिल्लीहून फोन आला: अजून मोठ्या आवाजात सांगा, अजून जास्त ठिकाणांहून. समिधा नको म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. त्या आठवड्यात आणखी चार तराफे गेले, आणि एका बंदराचा धक्काही.

कुबलांनी होडी वाळूवर ओढली. त्या तिसऱ्याच्या शोधात पाणबुड्या आता शिडाच्या होड्याही सोडत नव्हत्या.

"आपण गप ऱ्हवलो असतो तर?" त्यांनी विचारलं.

"एकमेकींना मारत दोन-तीन वर्षांत संपल्या असत्या."

"आणि आता?"

समिधाने जलश्रवणी खाडीत सोडून तिच्या तारेचं ऐकायचं टोक त्यांच्या कानाला लावलं. खाली किलबिल चालली होती, शांत, एकजीव.

"आता त्यांच्यातली एकही मरत नाही," ती म्हणाली.