मशीनला तू, मला तुम्ही

"अहो, ती कपलिंग माझी आहे!"

सुट्या भागांच्या दुकानात मोटरचा दांडा जोडायची एकच कपलिंग उरली होती आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले होते, एक तिचा आणि एक कुणा अनोळखी माणसाचा. बाहेर रिपरिप चालू होती. समोरच्याच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं, पण गडी हसत होता.

"घ्या की. पण बसायची नाही. तुमच्या हातातल्या मोटरचा दांडा बारीक आहे. लिफ्ट दुरुस्त करतो मी, मोटरींशी रोजचीच मारामारी."

एरवी तिनं याला चांगलंच सुनावलं असतं. पण आता ती मेटाकुटीला आली होती. लाकडावर कोरणारं मशीन खोक्यातून सुटं आलं होतं. पट्ट्या, स्क्रू, मोटरी, वायरींचं जंजाळ. सांगाडा कसाबसा उभा राहिला, पण मोटर जोडावरच घसरायची आणि गोल कोरायला सांगावा तर त्याचा बटाटा व्हायचा.

आणि घरात बाबा खाटेवर होते. जन्मभर त्यांनी छपाईचे लाकडी ठसे कोरले. आता हातात पटाशी ठरत नव्हती, डोळ्यांना जेमतेम उजेड कळत होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांची इच्छा एकच. "साऱ्या जगाची नावं कोरली गं, तुझ्या आईचं तेवढं राहिलं." त्यासाठी त्यांनी आईच्या कपाटाच्या दाराची फळी जपून ठेवली होती.

"आईचं नाव कोरायचंय," एवढंच तिनं त्याला सांगितलं. त्यानंतर तो रोज कामावरून सुटला की यायला लागला.

त्यानं योग्य कपलिंग आणली, पट्टे ताणले, ढिले स्क्रू आवळले. मशीन भलतीकडे धावलं की ती ओरडायची, "थांब, थांब!" आणि तो लाल बटण दाबायचा.

"एक विचारू? मशीनला तू आणि मला तुम्ही?"

"मशीन रोजचं आहे."

"मग मी काय… सणासुदीचा?"

ती खाली मान घालून भुसा झाडत राहिली. आतून बाबांचा खोकला आला आणि हसू ओठांवरच विरलं. पण त्याची पावलं जिन्यात वाजली की तिचा जीव भांड्यात पडायचा, हे मात्र खरं.

गोल गोल यायला लागला, त्या दिवशी तो गेल्यावर तिनं अक्षरं कोरून पाहिली. ती उलटी आली, आरशातल्यासारखी. एका मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. तिला हायसंच वाटलं… ठसा उलटाच तर लागतो! तिनं आईचं नाव मशीनमध्ये भरलं आणि सकाळी कोरायला आईची फळी मशीनवर घट्ट आवळून ठेवली.

पण सकाळीच बाबांचा श्वास कोंडला आणि ती त्यांना घेऊन दवाखान्यात धावली. तिथं डॉक्टरांनी दुपारी हात जोडले. घरी न्या, म्हणाले.

दारात तो उभा होता. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली होती.

"सरप्राइज! अक्षरं उलटी येत होती, वायरी बदलून टाकल्या. आमच्याकडे मोटर उलटी फिरली ना, तर तळमजल्याचा माणूस थेट वर जातो! म्हणजे… गच्चीवर. बघा, नाव कसं सरळ आलंय!"

तिनं बाबांना निजवलं आणि फळी पाहिली.

"काय केलंत हे? ठसा आहे तो! आता छापल्यावर नाव उलटं येणार!"

"मला वाटलं… दारावरची पाटी आहे." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी दुसरी फळी आणतो."

"आईच्या कपाटाचं दार कुठल्या दुकानात मिळतं हो?"

"आण इकडे," आतून बाबा म्हणाले.

त्यांची बोटं फळीवर फिरली. पहिल्या अक्षरापाशी अडखळली, मागे आली, पुन्हा फिरली.

"आयुष्यभर उलटीच अक्षरं लागली या बोटांना," ते म्हणाले. "ही सरळ लागली गं." आणि त्यांनी आईला नावानं हाक मारली. मग त्याच्याकडे मान वळवली. "उभा का रे? बस."

त्याच आठवड्यात बाबा गेले. फळी त्यांच्या हाताखालीच होती.

सगळी धावपळ त्यानं केली, पण तिच्याशी नजर काही मिळवली नाही. मग यायचाच बंद झाला. घर खायला उठलं. त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी तोच हवा होता.

शेवटी तो पाने-पक्कड न्यायला आला. "वायरी पुन्हा होत्या तशा करून देतो. मग… नाही येणार मी."

"केल्या मी. हात पुढे करा."

तिनं खिशातून बोटाएवढा ठसा काढला, शाईत बुडवला आणि त्याच्या तळव्यावर दाबला. ठसा उचलला. काळंभोर, सरळ.

थांब.

त्यानं तळहात उजेडात धरून वाचला. डोळे भरून आले होते, तरी खोड काही जाईना.

"हे मशीनला सांगितलं… की मला?"

"मशीन बंद आहे," ती म्हणाली. "तू थांब."