सोबतीचा कोड

बैलाने शिंग मारलं : डब्ल्यू ५५.

वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून वारा आला की अर्धं नंदुरबार शिंकतं. त्या शिंकेला वेगळा कोड नाही. दवाखान्यात आजारांना कोड टाकणाऱ्या दीपमालाने शोधून पाहिलं.

वॉर्डातल्या लिडिया सिस्टरची आई आजाराचं नाव मोठ्याने घेत नसे. नाव घेतलं की तो घर विचारत येतो, म्हणे.

“मन्हा जीव भरी उना” हे आय ५० की एफ ४१, हे पायावर बोट दाबून ठरवायचं. खळगा पडला तर आय, म्हणजे हृदय. नाही पडला तर एफ, म्हणजे नुसती काळजी.

झेड ७६.३ : आजारी व्यक्तीसोबत आलेली निरोगी व्यक्ती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दीपमाला एकटीच हसत सुटली. तळोद्यात एका पेशंटमागे अख्खी गल्ली येते; हा कोड लागणार नाही असा माणूस आणायचा कुठून?

तर, तळोद्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात तोवर डॉक्टर योगेंद्र आजार लिहायचे ते त्यांच्या अक्षरात, आणि विमा कंपनी ते वाचायची असा सगळ्यांचा समज होता. मग नियम आला. प्रत्येक आजाराला ठरलेला कोड. कोड नाही तर मंजुरी नाही. त्या कामासाठी नंदुरबारची दीपमाला रुजू झाली आणि राहायला फुईकडे गेली. फुई म्हणजे वडिलांची बहीण, धनुबाई. मूलबाळ नाही, पण गल्लीतल्या लहानथोरांची ती फुईच.

दीपमालाला कामाचा नाद लागला. जेवताना समोरच्याच्या ठसक्याला ती मनात कोड देई. फुई म्हणे, “वं पोरी, माले बी दी टाक एखादा, फुकट मिळस तं.”

एके सकाळी, दीपमाला कामावर असताना, फुई रिक्षाने एकटीच दवाखान्यात आली. हातात भरलेली पिशवी, पाय सुजलेले, बोलताना धाप. डॉक्टरांनी तपासलं आणि दीपमालाला बाजूला घेतलं. “हृदय थकलंय. दाखल करून औषधं देतो. पण तू मनाची तयारी ठेव.”

दीपमालाची कसली तयारी? आई गेल्यावर वेणीफणी फुईने केली होती, दहावीच्या पेपरांना शाळेबाहेर उन्हात फुई बसली होती.

आणि ही बाई खाटेवर टिकेना. शेजारच्या जमुनाबाईला कावीळ झालेली, सोबत कोणी नाही. फुई तिच्या उशाशी बसून संत्रं सोलायची.

“फुई, पडी ऱ्हाय ना जराखी.”

“पडी पडी कटाळा उना,” फुई शब्दाशब्दाला दम घेत म्हणे. “हाई बिचारी एकली शे.”

चूक तिथेच झाली. जेवणाच्या पाससाठी सोबतच्या माणसांचीही नोंद करायची होती. दीपमालाने वॉर्डाकडे मान वळवली. खाटेवर पेशंट, उशाशी बाई. बोटं सवयीने चालली. धनुबाई : झेड ७६.३.

संध्याकाळी फुईच्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडेना.

दुसऱ्या दिवशी फुई वॉर्ड झाडत होती. राउंडला आलेल्या डॉक्टरांना म्हणाली, “तुम्हीच पडा घडीभर. तोंड देखा, कसं सुकी गयं.” डॉक्टर हसले. गोळ्या लागू पडल्या म्हणाले.

फाइल लावताना दीपमालाला चूक दिसली. तिने झेड खोडून आय ५० टाकलं.

वॉर्डातून फुईच्या आवाजात लग्नाचं गाणं ऐकू येत होतं, ते अर्ध्यावर तुटलं. मग खोकला. मग लिडिया सिस्टरची धावती पावलं.

तिने झेड ७६.३ परत टाकलं.

खोकला थांबला. गाणं जिथे तुटलं होतं, तिथूनच पुढे सुरू झालं.

योगायोग असेल म्हणून दीपमालाने पुन्हा एकदा बदलून पाहिलं. तिसऱ्यांदा तिचा हात उठला नाही.

पण दुपारी तिने जमुनाबाईला झेड दिलं. मग तोरणमाळकडच्या सुरुपसिंगला, ज्याचा ताप उतरत नव्हता. मग भीड चेपली. आठवडा सरायच्या आत वॉर्डात आजारी असं कोणी उरलं नाही. जमुनाबाईचे डोळे पांढरेशुभ्र झाले. सुरुपसिंगने गावाहून पावरी मागवली आणि फुंकली, तेव्हा लिडिया सिस्टरने दोन पावलं नाचून घेतली, मग इकडेतिकडे पाहून सलाइनची बाटली उचलली. मागच्या अंगणात भजी तळली गेली. डॉक्टर योगेंद्र भजं खात म्हणाले, “प्रमाणित पद्धतीचा एवढा फायदा होईल असं वाटलं नव्हतं.”

घरी मात्र कोणी जाईना.

“पेशंटले एकलं टाकी कसं जावानं?” फुई म्हणाली.

“कोन्ह्या पेशंटले?”

फुई नुसती हसली.

ती सगळी कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेभोवती बसत. सोबतची माणसं बसतात तशीच, एक पाय दुमडून, एक हात खाटेच्या काठावर. गप्पा रंगत, टाळ्या देत. मध्येच एकजण ओठावर बोट ठेवी आणि आवाज खाली येत.

“मॅडम,” लिडिया म्हणाली, “त्या खाटेची चादर मी सकाळी घट्ट ओढते. दुपारी विस्कटलेली असते.”

“बसत असतील कोणी.”

“तिच्यावर कोणीच बसत नाही.”

शुक्रवारी स्क्रीनवर लाल ओळ आली. सोबतीच्या नोंदी मान्य. ज्या रुग्णासोबत आहेत त्याचे नाव व आधार क्रमांक आज भरा. न भरल्यास या नोंदी रद्द.

रद्द म्हणजे काय, हे दीपमालाने दोनदा ऐकलं होतं.

ती वॉर्डात गेली. “फुई, तू जिन्हासंगे शे, तिन्हं नाव काय?”

“येडी,” फुई म्हणाली, आणि संत्र्याची फोड तिच्या तोंडात घातली.

गोड होती.

खोटं नाव चालणार नव्हतं, आधार जुळायला हवा. तोंडपाठ असा एकच क्रमांक होता. वॉर्डात पावरी वाजत होती, फुई मोठ्याने हसत होती. ते हसणं ऐकत, स्वतःही हसत, दीपमालाने आपलं नाव टाकलं. आजार : आर ६९, कारण अज्ञात.

ओळ हिरवी झाली.

ती सांगायला वॉर्डात गेली. सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. सगळे खुशीत होते.

जमुनाबाईने रिकाम्या खाटेवरची उशी सारखी केली.

“उनी का? बठ माय,” फुई म्हणाली.

चादर गरम होती.

सुरुपसिंगने पावरी खाली ठेवली.

दीपमालाला काहीच दुखत नव्हतं. इतकं हलकं, इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. फुईने तिचे पाय मांडीवर घेतले. कोणीतरी ओठावर बोट ठेवलं.

दाखल व्हायला आली त्या सकाळी धनुबाईने घरून भरून आणलेल्या पिशवीत तिचं स्वतःचं एकही लुगडं नव्हतं. दीपमालाचे दोन गाऊन होते, दीपमालाचा कंगवा होता, आणि दीपमालाची उशीची खोळ.