बिशपचा शर्ट

लोकर कातरायच्या शेडच्या मागे, पाण्याच्या हौदाशी, थियाला एक अनोळखी प्राणी दिसला.

गुलाबी, लांबट, बरगड्या मोजता येतील असा. अंगभर कापणी झालेल्या शेतासारखे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला तेवढा एक पांढरा गोंडा शिल्लक. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं... आणि ते डोळे ओळखीचे निघाले.

"बिशप?"

कुत्र्यानं मान खाली घातली.

थियाच्या खांद्यावरचं खाद्याचं पोतं धपकन खाली पडलं. सकाळी ती गावात गेली तेव्हा बिशप हा एक भलामोठा पांढराशुभ्र मरेमा कुत्रा होता. मेंढ्यांची राखण करणारी ही जात. कळपात बसला की दुरून तो कोणता आणि मेंढी कोणती ते कळायचं नाही. चालायचा चर्चमधल्या बड्या धर्मगुरूसारखा भारदस्त, म्हणून नाव आपोआपच पडलं होतं.

"उकडत होतं बिचाऱ्याला," मागून कोणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. काळा बनियन, घामानं चमकणारे खांदे, हातात चहाचा मग. आदल्या दिवशीच लोकर कातरणाऱ्यांची टोळी आली होती, त्यातला होता तो.

"हे तू केलंस?"

"जेवणाच्या सुट्टीत," तो कौतुकाची वाट बघत म्हणाला. "एक ओरखडा नाही, बघ. मेंढीपेक्षा शहाणा आहे. पाठीवर लोळवला, तर मान टाकून चक्क झोपला."

"तू माझा कुत्रा भादरलास!"

"तू नको मानूस आभार. त्यानं मानलेत."

"घर तापतं म्हणून कोणी छप्पर काढून टाकतं का?"

त्यानं शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. खरंच विचार केला. "...नाही."

"याच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस राठ, खालची लव मऊ. दोन्हींच्या मध्ये हवा. थंडीत गारठा आत येत नाही, उन्हाळ्यात ऊन आत येत नाही. तू छप्पर काढलंस, आणि आता फेब्रुवारीचं, इथल्या भर उन्हाळ्याचं ऊन थेट कातडीवर."

तरुणाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्याचं नाव रावीरी. समुद्रापलीकडचा, न्यूझीलंडचा माओरी. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो कातरत आला होता, आणि लोकर उतरली की जनावर सुटलं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मेंढीच्या बाबतीत ते खरंही होतं. व्हिक्टोरियाच्या या पश्चिम भागातल्या शेडमधून हिंडताना कुत्रा हा वेगळा प्राणी आहे हे त्याला कोणी सांगायची वेळच आली नव्हती.

संध्याकाळपर्यंत बिशपची पाठ लालबुंद झाली. तो शेडखालच्या अंधारात, खांबांच्या मधोमध जाऊन बसला, आणि हाक मारली तरी येईना.

थियाचे वडील गॉर्डन गुडघ्यावर बसून आत डोकावले. उठताना म्हणाले, "मी काय म्हणत होतो? राखणीला कुत्रा म्हणजे फॅशन आहे. मेमध्ये मेंढ्या व्यायणार. त्याच्या आत हा कळपात परत गेला नाही, तर मी कोल्ह्यांना विषाचं आमिष टाकणार, पूर्वीसारखं."

"बाबा, आमिष टाकलं तर बिशप—"

"आमिष टाकलेल्या रानात कुत्रा राहू शकत नाही. मला माहीत आहे, थिया. मग तो कुठंतरी पाठवावा लागेल."

रावीरी दाराशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

"मी काय करू?" त्यानं विचारलं.

"केलंस तेवढं पुरे नाही?" थिया म्हणाली. मग जरा थांबून, "तू केलंस, तू निस्तर. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलंय. काम सुरू व्हायच्या आधी एकदा, सुटल्यावर एकदा. चाटू द्यायचं नाही. आणि अंगावर सुती कपडा हवा."

दुसऱ्या दिवशी बिशप शेडखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर निळ्या चौकटीचा शर्ट होता. बाह्या दुमडलेल्या, बटणं पाठीवर. रावीरीचा तो एकुलता एक चांगला शर्ट होता. टोळीचा स्वयंपाक सांभाळणारी त्याची आत्या, हूइया, ते बघून पोट धरून हसली.

"बाळा, हा शर्ट मी तुला मुलीबरोबर हिंडायला घेतला होता रे!"

"मुलगी त्याच्या मागे येतेच आहे, आत्या," रावीरी हळूच म्हणाला, आणि मागून मलमाची डबी घेऊन आलेली थिया ऐकू न आल्यासारखी पुढे गेली. कान मात्र लाल झाले... उन्हानं असतील.

मोठा कुत्रा सांभाळणं म्हणजे लहान कुत्रा मोठ्या मापानं सांभाळणं नव्हे. रावीरीला हे रोज थोडं थोडं कळत गेलं. एके दिवशी त्यानं आत्याच्या पातेल्यातली मटणाची हाडं आणली, तर थियानं ती हवेतच हिसकावली.

"शिजलेलं हाड फुटलं की सुईसारखं होतं. आतडं फाडतं. आणि मेंढीचं मटण? ज्यांची राखण करायची त्यांचीच चव लावतोस?"

"मग काय देऊ? सॅलड?"

"कोंबडीचे कच्चे सांगाडे आणि हे कोरडं खाणं. सकाळी अर्धं, संध्याकाळी अर्धं. एकदम पोटभर द्यायचं नाही, आणि खाल्ल्यावर पळवायचं नाही."

"का?"

"छाती खोल आहे त्याची. भरल्या पोटी उड्या मारल्या तर पोट आतल्या आत पिळलं जातं. ओला कपडा पिळतो ना, तसं. मग डॉक्टर येईपर्यंतही वेळ नसतो."

रावीरी गंभीर झाला. त्या दिवसापासून बिशपचं खाणं झालं की तो मांडी घालून त्याच्याजवळ बसू लागला, त्याला उठू द्यायचं नाही म्हणून. पंजे हातात घेऊन बोटांच्या बेचक्यातून गवताची कुसळं काढू लागला. कुसळ एकदा आत शिरलं की पायातून वर चढतं, हेही थियानंच सांगितलं होतं. तिथली मेंढरं कातरून संपली, टोळी शेजारच्या शेडवर गेली, तरी संध्याकाळी त्याची जुनी गाडी फाटकाशी धूळ उडवत यायचीच.

पाठीचा लाल रंग ओसरला. बारीक पांढरी लव आली. सगळं नीट चाललं आहे असं वाटलं, आणि थियानं बिशपला कळपात सोडलं.

मेंढ्यांनी शर्टातल्या कुत्र्याकडे पाहिलं, एकमेकींना चिकटल्या आणि पुढचे पाय आपटू लागल्या. बिशप क्षणभर उभा राहिला. मग वळला, कुंपणाखालून सरपटत बाहेर आला, आणि रावीरीच्या गाडीच्या सावलीत जाऊन निवांत झोपला.

थिया पाहत राहिली. रागावली असती तर बरं, असं रावीरीला वाटलं. ती शांत होती.

"तू त्याच्याशी बोलतोस?"

"थोडंसं."

"किती?"

"...सगळंच."

"सगळं म्हणजे काय?"

"ते त्यालाच विचार. त्यानं कोणाला सांगणार नाही म्हटलंय."

ती हसली नाही. कुंपणाच्या तारेला धरून म्हणाली, "राखणीच्या कुत्र्याला माणसाची सवय लागली की तो मेंढ्यांचा राहत नाही. व्हरांड्यात येऊन बसतो. म्हणून त्याला कुरवाळायचं नसतं, रावीरी. मी तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तू रोज येत होतास, आणि..." ती थांबली. "पिल्लू होता तेव्हा त्याला कोकरांबरोबर ठेवला होता. आईवेगळा, सारखा रडायचा. मी फळीच्या बाहेर बसायचे. त्याचं नाक फटीतून बाहेर यायचं. मी हात लावला नाही. एकदाही नाही."

रावीरीनं गाडीच्या सावलीतल्या बिशपकडे पाहिलं.

"म्हणजे मी त्याला दोनदा भादरला," तो म्हणाला.

"हो."

"आता?"

थियानं बिशपच्या अंगातला शर्ट काढला आणि नाकाशी नेला. रावीरीचा घाम, मलम, चहा, गाडीचं तेल. मेंढ्यांना परका वाटेल आणि कुत्र्याला घरचा, असा वास. तिनं तो शर्ट नुकत्याच कातरलेल्या लोकरीच्या गाठोड्यात खोल दाबून ठेवला. सकाळी काढला तेव्हा तो तुपकट झाला होता आणि त्याला शंभर मेंढ्यांचा वास येत होता. तोच बिशपच्या अंगात घातला. मेंढ्यांनी हुंगलं, पाय आपटले नाहीत. एका म्हाताऱ्या मेंढीनं तर त्याच्या बाहीचं बटण चघळून पाहिलं.

"तुझं काम अवघड आहे," थिया रावीरीला म्हणाली. "कुंपणाशी पाठ करून उभा राहा. तो येईल, रडेल. वळायचं नाही, बोलायचं नाही."

"कुठवर?"

"तो परत जाईपर्यंत."

रावीरी उभा राहिला. मागे गवतात पावलं वाजली. मग एक बारीक, लहान पिल्लासारखं कुईकुई. एवढ्या थोराड कुत्र्याच्या घशातून ते निघत होतं. रावीरीनं मुठी आवळल्या. थिया त्याच्या शेजारी, पण कुंपणाकडे तोंड करून उभी होती.

"काय करतोय?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"बसलाय."

"आता?"

"तुझ्या पाठीकडे बघतोय."

"आणि तू?"

"...मीही."

तो वळणारच होता. तिनं त्याच्या दंडाला बोट लावून त्याला तिथंच थांबवलं. बोट काढायला मात्र ती विसरली.

पुढचे काही दिवस असेच गेले. बिशप यायचा, बसायचा, जायचा. पण जाताना लांब जायचा नाही. शेडवरची कामं संपली आणि टोळीला उत्तरेकडे निघायचं होतं. निघण्याच्या सकाळी हूइया आत्या गाडीत भांडी रचत होती. रावीरी फाटकाशी आला. बिशप माळावर, कळपापासून जरा बाजूला, रस्त्याकडे बघत बसला होता.

"मी गेलो तर सोपं होईल त्याला," रावीरी म्हणाला.

"हो. त्याला होईल."

दोघंही फाटकाशीच उभी राहिली. आत्यानं भोंगा वाजवला, एकदा, आणि पुन्हा वाजवला नाही. शहाणी बाई.

"शर्ट?" त्यानं विचारलं.

"त्याला अजून लागेल."

"राहू दे मग."

मे उजाडला, आणि त्याबरोबर इथली थंडी. सकाळी गवतावर दहिवर गोठू लागलं, आणि पहिल्या कोकरांच्या अंगाची वाफ माळावर दिसू लागली. बिशपची लोकर अर्धीमुर्धी आली होती. आता तो बिशप कमी आणि नुकताच दीक्षा घेतलेला पोरगा जास्त दिसायचा. त्यानं रस्त्याकडे बघणं सोडलं होतं. पण गॉर्डनची खात्री पटेना. विषाच्या सूचनेच्या लाल पाट्या त्यांनी गाडीत भरून ठेवल्या होत्या.

"त्या पोराची गाडी आली की हा पळत सुटेल, बघ," ते म्हणायचे. "कोल्हा तेवढ्याचीच वाट बघतो."

त्या पोराची गाडी एका ओल्या सकाळी आली. रावीरी उतरला. थिया कुंपणाशी होती, पलीकडे गॉर्डन गाडीला टेकून. मधे कळप. बिशपनं डोकं वर केलं. आवाज ओळखला होता. तो उठला आणि धावत निघाला.

गॉर्डन गाडीपासून सरळ झाले. रावीरीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, फक्त एकदा, आणि कुंपणाकडे पाठ केली. हात मागे बांधले.

बिशप तारेपाशी येऊन थांबला. त्याचं ओलं नाक रावीरीच्या तळव्याला लागलं. बोटं हलली नाहीत. बिशपनं तळवा हुंगला, मनगट हुंगलं, पुन्हा तळवा. शेपटी एकदा हलली.

मागे एक मेंढी ओरडली. तिचं कोकरू अजून ओलंच होतं, उभं राहायचा प्रयत्न करत होतं, आणि काटेरी झुडपांशी काहीतरी तांबूस हललं.

बिशप वळला. रावीरीला फक्त ऐकू आलं: जड पावलं दूर जाताना, मग एक खोल, छातीतून आलेलं भुंकणं, मग शांतता.

"काय झालं?" तो म्हणाला.

"कोल्हा गेला," थिया म्हणाली. "बिशप... कोकराजवळ बसलाय. आई त्याच्या अंगावरूनच कोकराला चाटतेय."

गॉर्डननी गाडीचं दार उघडलं. लाल पाट्या काढल्या, काखेत धरल्या आणि शेडकडे निघाले. जाताना रावीरीपाशी थांबले.

"पुढच्या खेपेला," ते म्हणाले, "माझ्या कुत्र्याला यंत्र लावलंस तर तुलाच भादरीन."

"हो, काका."

"चहा ठेवतो." आणि ते गेले.

रावीरी अजून पाठ करूनच उभा होता. भुरभुर पाऊस त्याच्या केसांत साचत होता.

"तुलाही सोडलं त्यानं," थिया म्हणाली.

"सोडलं. बरं झालं. माझा शर्ट आहे का गं?"

"आहे. माझ्याकडे."

"धुतलास?"

"नाही. पण त्याला आता नुसता लोकरीचा वास येतो. तुझा... उडून गेला."

तो वळला.

"वळायला सांगितलं नव्हतं मी," ती म्हणाली.

"मी राखणीचा नाही. मला कोणी शिकवलेलं नाही."

"किती दिवस आहेस?"

"कोणी पाठ फिरवेपर्यंत."

माळावर बिशपनं जबडा पंजांवर ठेवला आणि डोळे अर्धे मिटले. थियानं रावीरीचा हात, कुत्र्याच्या नाकानं ओला झालेला तोच, हातात घेतला. तिनं पाठ फिरवली नाही.