वीस मावायला हवेत

दोघांची पहिली भेट झाली ती डोक्यावर डोकं आपटून. ती पाचवीच्या वर्गाची बाई, खाली पडलेला लाकडी ठोकळा उचलायला वाकली होती. तो भाचीला न्यायला आलेला, त्यालाही नेमका तोच ठोकळा उचलायचा होता.

"आई गं!" ती कळवळली.

"आई नाही, मामा," तो कपाळ चोळत म्हणाला. "हिचा मामा."

हसायचं नाही असं तिनं ठरवलं, पण ते काही जमलं नाही.

शाळा केव्हाच सुटली होती. ही भाची मात्र, जिला सगळा वर्ग शंकासूर म्हणे, एका पुठ्ठ्याच्या खोक्यापाशी मांडी ठोकून बसली होती. गणित तसं सोपं. खोका दहा सेंटीमीटर लांब, आठ रुंद, सात उंच. घनफळ पाचशे साठ. ठोकळ्याची प्रत्येक बाजू तीन, घनफळ सत्तावीस. भागलं की झालं. वीस ठोकळे मावतात आणि थोडी जागा उरते. बाईंनी स्वतः फळ्यावर सोडवून दाखवलं होतं.

"पण बाई, बाराच बसतात," शंकासूर म्हणाली.

"नीट रचले नसशील."

"मग तुम्ही रचा ना."

बाईंनी रचले. बारा. खोका आडवा करून रचले. तरी बाराच! तेरावा ठोकळा खोक्याबाहेर डोकं काढून बसला. "मी बघू?" म्हणत मामानं बाह्या सरसावल्या, आणि थोड्या वेळानं तोही बारावर येऊन थांबला.

"आकडेमोड बरोबर आहे ना?" त्यानं हळूच विचारलं.

"आकडेमोडीत मी चुकत नाही," ती फणकारली.

"मग उरलेले आठ गेले कुठे?"

हा प्रश्न तिच्या डोक्यात घर करून बसला. खरं सांगायचं तर प्रश्न विचारणाराही थोडासा बसला.

दुसऱ्या दिवशी तो शाळा सुटायच्या आधीच हजर. ताई कामानिमित्त बाहेरगावी गेलेली, शनिवारी परतणार; तोवर भाचीची जबाबदारी याच्यावर. एरवी तो आपल्या गावात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा.

"म्हणजे दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघता?"

"एका वेळी एकाच. दुसरा झाकायला सांगतो."

"आणि काही दिसतं?"

"त्यांना अक्षरं दिसतात. मला…" तो थांबला. "मला आजवर तरी काही दिसलं नव्हतं."

तिनं पाठ फिरवली आणि स्वच्छ पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेतला.

त्यानं खोक्याची एक बाजू कापून तिथे पारदर्शक प्लास्टिक चिकटवून आणलं होतं. दोघं जमिनीवर पालथी पडून आत बघू लागली. शेजारी शेजारी तीन ठोकळे, म्हणजे नऊ सेंटीमीटर. लांबीत एक उरला. रुंदीत दोन उरले, उंचीत पुन्हा एक. कडेनं सगळीकडे चिंचोळी फट.

"अय्या!" ती एकदम उठून बसली. "जागा आहे… पण सलग नाही! दोनशे छत्तीस घन सेंटीमीटर रिकामी, आणि एक ठोकळा शिरेल तर शपथ. मी आपली भागाकार करून मोकळी झाले!"

"पाणी असतं तर पुरेपूर भरलं असतं."

"पाणी कुठेही शिरतं. ठोकळा अडून बसतो."

"शाळेत मला ठोकळाच म्हणायचे," तो म्हणाला.

"म्हणजे मास्तरांना माणसांची पारख होती!"

तो इतका मोकळा हसला की व्हरांड्यातून जाणारा शिपाई डोकावून गेला. तिला वाटलं, या माणसाला रोज हसवायला काय मजा येईल. मग तिला स्वतःचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गासमोर फळ्यावरचा वीस पुसला. "आपलं उत्तर चुकलं. कुठे चुकलं ते तुम्ही शोधायचं," असं म्हणून तिनं ठोकळे मुलांच्या ताब्यात दिले. एकच गलका झाला. शंकासूर तर दिवसभर हवेत होती.

त्या संध्याकाळी तो सहज बोलावं तसं म्हणाला, "इथल्या चष्म्याच्या दुकानात माणूस हवाय. शनिवारी दुपारपर्यंत कळवायचंय."

"मग?"

"मग काय… राहायला काही कारण हवं ना."

बोलायची वेळ हीच होती. पण बाईंनी काय म्हणावं? "राहिलात तर ताईंना बरं वाटेल." घरी गेल्यावर तिला स्वतःचा असा काही राग आला की जेवण गेलं नाही. त्यानं जाऊ नये असं तिला वाटत होतं. तिला तो हवा होता, इतकं साधं होतं ते.

शनिवारी दुपारी शाळा सुटली. तो फाटकापाशी उभा, खांद्याला प्रवासाची बॅग. भाची आईच्या गळ्यात पडून कधीच रस्त्याला लागली होती. मुलं "मामा, टाटा!" करत गेली.

"सगळी शाळा मला मामा म्हणते," तो म्हणाला. "शिपाईसुद्धा. तुम्हीच तेवढं कधी म्हणाला नाहीत."

"नाही म्हणवत."

"का?"

"का म्हणजे काय!" ती चिडलीच. "मला ते नातं नकोय म्हणून."

बोलून गेली खरी. कानाच्या पाळ्या तापल्या, पण मान काही तिनं खाली घातली नाही.

त्यानं घसरणारी बॅग सावरली. "मग… कुठलं हवंय?"

"ते असं फाटकात उभं राहून सांगता येत नाही. बराच वेळ लागेल. राहिलात तर सांगेन."

त्यानं घड्याळ बघितलं. खांद्यावरची बॅग काढून तिच्या हातात दिली. "दुकान जेवणासाठी बंद व्हायच्या आत कळवून येतो," म्हणाला, आणि भर रस्त्यातून धावत सुटला.

मागे राहिलेली दोन मुलं तिच्याभोवती घुटमळली. "बाई, ही मामांची बॅग ना? विसरले का ते?"

"नाही रे," बाई म्हणाल्या. "येतायत ते परत."